खुणेमागची वाक्यं

माझ्या दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस आधी पडद्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि मग मागचं दार उघडं आहे ना, याची खात्री करून घेतो. त्याची चूक नाही. उस्मानपुऱ्यात एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर, अरुंद जिन्यानं वर गेलं की एक खोली. आत भिंतीला लागून संगणक, काळाभोर पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर पळताहेत, चित्र नाही, बटण नाही, काही नाही. आणि समोर दाढी खाजवत बसलेला कादर. संशय यायला आणखी काय लागतं?

मी अक्षरजुळणी करतो. तरुणपणी शिशाचे खिळे जुळवले, मग संगणक आले तेव्हा तिकडे गेलो, आणि गेली बरीच वर्षं संशोधकांचे प्रबंध, संस्थांचे अहवाल, जाडजूड स्मरणिका असं काम करतो. सगळं जग ज्या तऱ्हेनं हे काम करतं त्यात जे टाइप कराल ते तसंच समोर दिसतं. शीर्षक मोठं करा, माउसनं मधोमध ओढा, झालं. माझ्या साधनात तसं काही दिसत नाही. साध्या फायलीत साधा मजकूर लिहायचा आणि मधूनमधून सांगत जायचं की इथं प्रकरण सुरू, ही तळटीप, हा तक्ता. मग काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा द्यायची. यंत्र पूर्ण फाईल वाचतं, पानं पाडतं, पृष्ठांक घालतं, अनुक्रमणिका करतं आणि छापायला तयार पानं हातात ठेवतं. शिंप्याला माप द्यायचं आणि कापायचं काम त्याच्यावर सोडायचं, तसं. या साधनाचं नाव मी गिऱ्हाइकाला सांगत नाही, कारण ते रबराच्या चिकाच्या इंग्रजी नावासारखं आहे, सांगितलं की लोकांना रबराचे हातमोजे आठवतात.

हे साधन मला आवडलं ते त्याच्या स्वभावामुळं. एक कंस उघडा राहिला तरी ते काम थांबवून ओरडतं. कुणावर विश्वास टाकत नाही. माझंही तसंच आहे. माझी बायको म्हणते की मी रिक्षात बसलो तरी मीटरकडे नाही, रिक्षावाल्याच्या मानेकडे बघतो. हल्ली अशा फायली रंगीत दिसतात, म्हणजे आज्ञा निळ्या, टीपा करड्या, असं आपोआप होतं. मी ते बंद करून ठेवलं आहे. रंग माणसाला काय महत्त्वाचं आणि काय नाही ते आधीच सांगून टाकतात, आणि ते ठरवणारे ते कोण? मला सगळी अक्षरं सारखीच पांढरी हवीत.

एकदा खालच्या गल्लीतल्या कुणीतरी चौकीत जाऊन सांगितलं की वरच्या खोलीत एक माणूस दिवसभर काळ्या पडद्यावर काहीतरी करत असतो. हवालदार जिना चढून आले.

"क्या चल रहा इधर?"

"किताब बन रही है, साहब."

"किताब ऐसी रहती?"

मी आज्ञा दिली. ओळी पळाल्या आणि गांडूळखतावरच्या एका प्रबंधाची पानं समोर आली. हवालदारांनी खुर्ची ओढली, बोट लावून अर्धं पान वाचलं, गांडुळाचं चित्र बघितलं. मग आवाज खाली आणून मराठीत म्हणाले, "पोरीचं कॉलेजचं एक प्रोजेक्ट हाय. अशी पानं करून देताल का?" मी करून दिलं. ही गोष्ट मी सगळ्यांना हसत सांगतो. पण त्यांचे बूट जिन्यावर वाजत होते तेवढा वेळ माझे हात कीबोर्डवर थंड पडले होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आपण काही केलेलं नसताना कुणीतरी आपल्याकडे तसं बघतं तेव्हा कसं वाटतं, हे मला पुरतं ठाऊक आहे. तरीही पुढं मी जे केलं ते केलं.

आता माझ्या दुकानाचा नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच घडलं. एक निवृत्त प्राचार्य आत्मचरित्र घेऊन आले होते. रोज जिन्यातून येता येता तोंडी दुरुस्त्या सांगायचे. एक दिवस म्हणाले, "तो भावावरचा परिच्छेद काढून टाका." मी काढला. पुस्तक छापून झालं, आणि थोड्याच दिवसांत त्यांचा भाऊ वारला. प्राचार्य जिन्यावरूनच ओरडत आले, "यात माझा भाऊ कुठाय? कुणी काढला माझा भाऊ?" तुम्हीच सांगितलंत, असं मी म्हणालो. त्यांनी चारचौघांत मला खोटारडा म्हटलं. ते रडत होते म्हणून मी गप्प बसलो, पण त्या दिवसापासून माझ्या दुकानात तोंडी काही चालत नाही. शंका असो, दुरुस्ती असो, तक्रार असो, फायलीत लिहायची.

फायलीत लिहायचं आणि छापलं तर जायला नको, याची सोय साधनात आहे. ओळीच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह टाकलं की यंत्र ती ओळ वाचतच नाही. ओळ फायलीत राहते, कागदावर उतरत नाही. आम्ही तिला नुसती खूण म्हणतो. खुणेमागं मी काय काय लिहून ठेवलं आहे! 'हे गृहस्थ उद्या परत येऊन हेच बदलणार.' 'हा तक्ता कुठून तरी उचललेला वाटतो.' 'मार्गदर्शकांनी हे प्रकरण उघडलेलं नाही, पैजेवर सांगतो.' शेकडो प्रबंधांच्या पोटात माझा संशय असा न छापलेला पडून आहे. शिवाय एखाद्या छापायच्या वाक्याबद्दलच शंका आली तर त्याच्यापुढं खूण टाकून ते झाकायचं, गिऱ्हाइकाला विचारायचं आणि मग उघडायचं. म्हणूनच आम्ही एका ओळीत एकच वाक्य ठेवतो. खुणेला लागून आपलं आद्याक्षर घालायचं, माझं 'का'. आणि ज्याची खूण त्यानंच काढायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. हे सगळे नियम माझे.

आम्ही म्हणजे मी आणि मंगल. मंगलचं माहेर देवगाव रंगारी, सासर वैजापूर, आणि नवऱ्याच्या नोकरीमुळं बिऱ्हाड उस्मानपुऱ्यातच, दुकानापासून चालत पाच मिनिटांवर. बारावीनंतर लग्न, दोन मुलं शाळेत गेल्यावर ती माझ्याकडे टायपिंगला आली. वर्षभरात तिला आज्ञा पाठ झाल्या आणि तीन वर्षांत तक्ते ती माझ्यापेक्षा चांगले बसवू लागली. दुसऱ्या संगणकावर ती बसायची. तिचे रंग चालू असायचे. "रंग नसले की डोळं दुखतात सर," म्हणायची. खुणेला तिचं अक्षर 'मं'. सहा वर्षांत तिनं माझा एकही नियम मोडला नाही. हे वाक्य लिहायला मला उशीर झाला आहे.

सुनीताबाई आल्या त्या वैजापूरकडून. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय चाळिशीचं, पाठीला मुलांसारखं दप्तर. कापसाच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, काम करणाऱ्या बायकांवर त्यांचा प्रबंध होता. चार वर्षं दर रविवारी त्या बायकांच्या दारात जाऊन बसल्या होत्या. चौथ्या प्रकरणात बायकांनी सांगितलेलं त्यांच्याच बोलीत होतं. मुदतवाढ आधीच वापरून झाली होती. महिनाअखेरीला प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द होणार होती.

"कादरभाई, बाकी सगळं मागं-पुढं झालं तरी चालंल," त्या म्हणाल्या, "पण चौथ्यातलं एक अक्षरबी हलू देऊ नका. मी त्या बायांना शब्द दिलाय, जसं बोलल्या तसं छापीन म्हणून."

मी काम सुरू केलं आणि मधेच मला डेंग्यू झाला. बारा दिवस अंथरुणात गेले. अंग मोडून आलेलं, डोळ्यांपुढं भिंत हलायची. मागं मंगलनं तक्ते बसवले, तळटीपा लावल्या, संदर्भसूची केली. मी परत दुकानात आलो तेव्हा जिना दोनदा थांबून चढलो. दुसऱ्या दिवशी छपाई ठरलेली होती. मंगलनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "सर, फाईल बघितली का? मी लिहून ठेवलंय त्यात."

"बघितली," मी म्हणालो.

बघितली नव्हती. घरी बसून पानांची संख्या तेवढी बघितली होती. पण मालकानं नाही म्हणायचं कसं? तिनं रिकामा पेला उचलला. मग म्हणाली, "मग छापू?" मी म्हणालो, "छाप." पाच प्रती छापल्या, बांधणीवाल्याकडे गेल्या, लाल कापडी पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं चढवून सुनीताबाईंच्या हातात पडल्या. त्यांनी पेढे दिले.

चौथ्या दिवशी त्या परत आल्या. पेढे देतानाचा चेहरा नव्हता. हातातली प्रत टेबलावर ठेवली, ठेवली म्हणजे आपटलीच, आणि उभ्याच राहिल्या.

रविवारी त्या प्रबंध घेऊन बायकांकडे गेल्या होत्या. दिलेल्या शब्दाप्रमाणं अंगणात बसून चौथं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवत होत्या. बायका ऐकत होत्या, माना डोलावत होत्या. त्यात रुख्मनबाई नावाची एक होती. मशीनमध्ये हात जाऊन तिची दोन बोटं गेलेली. तिनं मुलाखतीत सांगितलं होतं की हात गेला त्याच दिवशी मालकांनी हजेरीपटावरचं तिचं नाव खोडलं, म्हणजे कागदोपत्री ती तिथं कामाला नव्हतीच. वाचन संपलं आणि रुख्मनबाई म्हणाली, "बाई, माझं आलंच नाय."

सुनीताबाईंनी पानं उलटी-पालटी केली. रुख्मनबाईचा हात गेला, हे होतं. पुढचं वाक्य नव्हतं. मग दुसरी म्हणाली, पाण्याच्या माठाला कुलूप लावायचे ते मी बोलले होते, ते कुठंय? तेही नव्हतं. तिसरीचं नव्हतं. सुनीताबाई तिथंच पेन्सिल घेऊन बसल्या आणि बायका आठवणीनं सांगत गेल्या. ज्या बायकांना वाचता येत नाही त्यांनी एकेक हरवलेलं वाक्य शोधून दिलं.

"रुख्मनबाई काय म्हणाली माहिताय?" सुनीताबाईंनी प्रतीवर बोट ठेवलं. "म्हणाली, तिथंबी खोडलं, हितंबी खोडलं. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, कादरभाई. तुमी बी मालकाच्याच निघाल्या बाई, असं म्हणाली मला."

मी पेन्सिलीच्या खुणा एकेक करून बघितल्या. गेलेलं प्रत्येक वाक्य मालकांबद्दलचं होतं. मशीनचं राहिलं, कापसाच्या धुळीचं राहिलं, खोकल्याचं राहिलं. मालक तेवढे साफ निघून गेले होते. चुकून गेलं तर असं निवडून जात नाही. यामागं माणूस आहे, हे मला तिथल्या तिथं कळलं. आणि दाखल करायला सहा दिवस उरले होते.

मी काळ्या पडद्यावर बसलो. शोधायची आज्ञा असते. वाक्याचा तुकडा द्यायचा, तो फायलीत किती ठिकाणी आहे त्याचा आकडा ती सांगते. रुख्मनबाईचं वाक्य दिलं. उत्तर आलं, एक. माठाचं दिलं. एक. पेन्सिलीनं लिहिलेली सगळी दिली. सगळी फायलीत होती. मी फाईल उघडून बघितली नाही. कशाला बघायची? आज्ञा खोटं बोलत नाही.

म्हणजे फाईल बरोबर, कागद चूक. याचा अर्थ एकच: छापायच्या वेळी कुणीतरी दुसरीच फाईल लावली आणि काम झाल्यावर खरी परत ठेवली. दुकानात माणसं दोन. त्यातला एक मी, नुकता अंथरुणातून उठलेला.

आणि मला मंगलचा दीर आठवला. तो वैजापूरला जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर होता. दिवाळीला त्याच्या मालकानं दिलेली मिठाई मंगलनं मला आणून दिली होती, मी खाल्लीही होती. आता तीच मिठाई मला पुरावा वाटायला लागली.

मंगल तिच्या जागेवर बसून ऐकत होती. मी सुनीताबाईंच्या देखत विचारलं, "मंगल, तुझा दीर कुठल्या जिनिंगला आहे गं?"

तिचे हात कीबोर्डवरून उचलले गेले. तिला प्रश्न पूर्ण कळला. सुनीताबाईंनाही कळला, त्यांनी मंगलकडे ज्या तऱ्हेनं बघितलं त्यावरून.

"सर, मी फायलीत लिहून ठेवलंय," मंगल म्हणाली.

"ते मग बघू. विचारलं त्याचं उत्तर दे."

"सर, तुमी फाईल उघडा ना एकदा."

"मंगल, दीर कुठं आहे?"

 तिनं डब्याची पिशवी घेतली, ओढणी सारखी केली, दाराशी चपला घातल्या. जिन्यावर तिची पावलं हवालदाराच्या बुटांसारखी वाजली नाहीत. काही आवाजच आला नाही. मी सुनीताबाईंना म्हणालो, "बघितलंत? उत्तर नाही." मला त्या क्षणी, खरं सांगतो, समाधान वाटलं. माझा अंदाज चुकला नाही, असं ते समाधान होतं.

आता खरी फाईल होतीच. आज्ञा द्यायची, पानं काढायची, पुन्हा बांधायची. मी सुनीताबाईंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि आज्ञा दिली. ओळी पळाल्या. साधन एकदाही ओरडलं नाही. चौथं प्रकरण उघडलं आणि सुनीताबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागल्या.

रुख्मनबाईचा हात गेला. पुढचं वाक्य नव्हतं.

मंगल घरी गेलेली, फाईल माझी, संगणक माझा, आज्ञा माझ्या हातची. तरी माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? तिनं माझ्या संगणकात काहीतरी करून ठेवलंय. तेव्हा मी फाईल तिच्या संगणकावर नेली, तिथं तरी बघू म्हणून, आणि बाहेरून आकडा न विचारता तिथं पहिल्यांदा ती उघडली.

तिचे रंग चालू होते. चौथ्या प्रकरणात बाकीच्या मजकुरात जागोजागी करड्या ओळी होत्या. खुणेमागं गेलेल्या ओळी करड्या दिसतात. मी मोजल्या, एकतीस. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला खूण आणि खुणेला लागून अक्षर होतं. अक्षर 'का' होतं.

मग आठवलं. एखादं विसरलेलं स्वप्न आठवावं तसं नाही. लाज वाटावी इतकं स्वच्छ आठवलं. ताप भरायच्या त्या सकाळी मी चौथं प्रकरण वाचत होतो. बायका मालकांबद्दल जे बोलल्या होत्या ते वाचून मला भीती वाटली होती. याला पुरावा काय? उद्या मालकाची नोटीस आली तर प्रबंधावर नाव बाईंचं, पण छापला कुठं म्हणून माझ्या जिन्यावर पुन्हा बूट वाजतील. शिवाय, हे सांगायला हवं, माझा बायकांवर विश्वासही बसला नव्हता. पाण्याच्या माठाला कुलूप कोण लावतं, असं वाटलं होतं. एकेक वाक्य झाकत बसायचा कंटाळा आला म्हणून एकाच ओळीची आज्ञा दिली: या प्रकरणात ज्या ज्या ओळीत 'मालक' आहे तिच्यापुढं माझी खूण टाक. अर्ध्या क्षणात एकतीस वाक्यं झाकली गेली. बाईंना दुपारी फोन करून विचारू, मग उघडू, असं ठरवलं. दुपारी मी दवाखान्यात होतो. हातानं एकतीस वेळा खूण टाकली असती तर तापातही लक्षात राहिलं असतं.

पहिल्या करड्या वाक्याच्या खाली आणखी तीन करड्या ओळी होत्या. त्यांचं अक्षर 'मं'.

'सर, ही वाक्यं तुम्ही झाकली आहेत. सुनीताबाईंना विचारलं का? उघडायची का? तुमची खूण मी काढत नाही.'

'सर, उद्या छपाई आहे. वाक्यं अजून झाकलेली आहेत.'

'सरांना विचारलं, फाईल बघितली का. बघितली म्हणाले.'

सुनीताबाईंनीही त्या ओळी वाचल्या. चहा आला होता, तो कुणी घेतला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या बाईला आपण काय बोललो, कादरभाई?" आपण म्हणाल्या, हा त्यांचा मोठेपणा.

खुणा काढायलाही एकच आज्ञा लागली. पण त्याआधी मी सगळी एकतीस वाक्यं बाईंपुढं वाचली आणि जे तेव्हा विचारायचं होतं ते विचारलं. प्रत्येकाला त्यांच्याकडे टिपण होतं, तारीख होती, ऐकणारी दुसरी बाई होती. माठाच्या कुलपाचा तर फोटो होता. प्रती नव्यानं छापल्या, बांधल्या, आणि मुदतीच्या आदल्या दिवशी प्रबंध दाखल झाला. पुढच्या रविवारी सुनीताबाईंनी अंगणात बसून ते प्रकरण पुन्हा वाचलं. रुख्मनबाईनं आपलं वाक्य दोनदा वाचायला लावलं म्हणे.

पण मधल्या दिवसांत एक गोष्ट माझ्या हातून निसटली होती. सुनीताबाई पहिल्या रागात वैजापुरात दोघीतिघींजवळ बोलल्या होत्या की मालकांची वाक्यं गायब आहेत, दुकानातल्या बाईचा दीर जिनिंगला आहे. नंतर त्यांनी प्रत्येकीकडे जाऊन सांगितलं की तसं नव्हतं. तोवर ते मंगलच्या सासरी पोचलं होतं. बाईनं मालकाकडून काहीतरी घेतलं, असं त्याचं झालं होतं. दीर काट्यावर उभा राहिला की बायका तोंड फिरवायच्या. सासूनं मंगलला फोनवर काय म्हटलं ते मला कधी कळलं नाही. मंगल मुलांना सुट्टी लागताच माहेरी निघून गेली.

मी एसटीनं देवगाव रंगारीला गेलो. तिच्या वडिलांनी खाट टाकली, पाणी दिलं, आणि मी कोण ते कळल्यावर उठून गोठ्याकडे गेले. मंगल ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा तोडत होती. उठली नाही.

"मंगल, माझं चुकलं," मी म्हणालो.

"व्हय."

"तुझ्या तिन्ही ओळी वाचल्या मी."

"कवा?"

"तू गेल्यावर."

तिनं एक वेल झटकला, शेंगा टोपलीत टाकल्या. "सर, खुणा मी काढल्या असत्या तर काय झालं असतं? एका मिन्टाचं काम व्हतं. पर तुमची खूण. मला वाटलं, सर आजारी हायेत, सरांचं काहीतरी ठरलं असंल. म्हणून लिवलं. तोंडी बोलले असते तर तुमी म्हणला असता, फायलीत लिव."

"म्हणालो असतो," मी म्हणालो.

"आन् हवालदाराची गोष्ट तुमी मला किती डाव सांगितली सर? हसून हसून सांगायचे. त्या दिवशी माझ्या दिराचं इचारलं ना, तवा मला ती गोष्ट समजली."

 सहा वर्षं माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं, मी कुणाला न सांगितलेलं ते माझे थंड पडलेले हात ओळखले होते. मी म्हणालो, "मला माफ कर. चल दुकानात परत."

"तोंडी नका सांगू सर. तुमचाच नियम हाय."

"लिहून देतो. आज जाऊन फायलीत लिहितो."

ती पहिल्यांदा हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "खुणेमागं? खुणेमागचं कोण वाचतं? मी तीनदा लिवलं." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "माझ्या सासूच्या दारात बाया इचारतात, तुमच्या सुनंनं काय घेतलं म्हणून. त्यान्ला तुमची फाईल कुठं दिसती? छापून येईल असं लिवा. मग बघू."

तिचा संगणक मी तसाच ठेवला आहे, रंग चालू ठेवून. हल्ली मी त्यावरच बसतो. माझ्या जुन्या फायली त्यावर उघडल्या की पानंच्या पानं करडी दिसतात, इतका माझा संशय त्यांत भरला आहे.

या अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा मी आधी विचारलं की अंक वैजापूरच्या वाचनालयात जातो का. जातो म्हणाले. लेख मी त्याच साधनात लिहिला. शेवटची ओळ लिहिताना बोटांनी सवयीनं आधी खूण टाकली होती. ती काढली आहे.

सुनीताबाईंच्या प्रबंधातली एकतीस वाक्यं मंगलनं काढली नाहीत, ती मी झाकली होती. तिनं मला तीनदा लिहून सांगितलं, आणि मी न वाचता वाचलं म्हणालो.